निरुपाधिक आदेश

निरुपाधिक आदेश ही जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट (२२ एप्रिल १७२४ – १२ फेब्रुवारी १८०४) याच्या नीतिशास्त्रातील मध्यवर्ती संकल्पना होय. मराठीत तिला ‘निरपेक्ष आदेश’ असेही म्हणतात. कृतीचा परिणाम काय होईल, करणाऱ्याला तिच्यापासून काय मिळेल किंवा त्याच्या मनाचा कल कोणीकडे आहे, यांपैकी कशावरही अवलंबून नसलेला आणि प्रत्येक विवेकशील व्यक्तीवर सारखाच बंधनकारक असणारा नैतिक नियम, असा या संज्ञेचा अर्थ आहे. आपण ज्या नियमाने वागतो तो नियम सर्वांनीच पाळावा असे आपण विसंगती न येऊ देता इच्छू शकतो का, ही या आदेशाची मुख्य कसोटी आहे. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे त्याचेच दुसरे रूप आहे.

कृतीचे मूल्य तिच्या परिणामांवरून न ठरविता कर्तव्यावरून ठरविणाऱ्या नीतिशास्त्रीय भूमिकांना कर्तव्यवाद म्हणतात. कांटचा सिद्धांत हा कर्तव्यवादाचा सर्वांत प्रभावी आविष्कार मानला जातो. परिणामांना प्राधान्य देणारा उपयुक्ततावाद आणि चारित्र्याला प्राधान्य देणारी सद्‌गुणमीमांसा यांच्या बरोबरीने आधुनिक नीतिशास्त्रातील एक प्रमुख प्रवाह म्हणून त्याचा अभ्यास केला जातो. ‘कर्तव्य’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘वरिष्ठांच्या आज्ञेचे पालन’ असा घेतला जातो. कांटला अभिप्रेत असलेला अर्थ याहून अगदी वेगळा आहे. या दोहोंतील फरक पुढे विसाव्या शतकात एका न्यायालयीन खटल्याच्या निमित्तानेही चर्चिला गेला.

पार्श्वभूमी

कांटचा जन्म पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग (सध्या रशियातील कालिनिनग्राद) या शहरात झाला. त्याचे वडील घोड्यांचा चामडी साज बनविणारे कारागीर होते. आईवडील पायटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. बाह्य विधींपेक्षा अंतःकरणाच्या शुद्धतेवर हा पंथ भर देत असे. कांटचे शालेय शिक्षणही याच पंथाच्या शाळेत झाले. पुढे तो क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकला आणि १७७० मध्ये तेथेच तर्कशास्त्र व तत्त्वमीमांसा या विषयांचा प्राध्यापक झाला.

अठराव्या शतकात नीतीचा पाया कोणता, याविषयी युरोपात अनेक मते प्रचलित होती. काहींच्या मते ईश्वराची इच्छा हाच नीतीचा आधार होता. क्रिस्तियान वोल्फसारखे जर्मन विचारवंत मानवी पूर्णत्वाला ते स्थान देत. फ्रान्सिस हचसन व डेव्हिड ह्यूम हे स्कॉटिश विचारवंत मानवी भावनांमध्ये नीतीचे मूळ शोधत. कांटला या सर्व मतांत एक समान दोष दिसला. माणूस सुख, पूर्णत्व, सहानुभूती किंवा परलोकातील फळ यांसाठी नीतीने वागत असेल, तर ते फळ नकोसे होताच नीतीचे बंधनही सुटते. खरे नैतिक बंधन असे सुटणारे नसते. ते कोठून येते, हे शोधण्याचा कांटचा प्रयत्न होता.

या शोधावर जाँ-जाक रूसोच्या विचारांचाही परिणाम झाला. स्वतः घालून घेतलेल्या नियमाचे पालन म्हणजेच स्वातंत्र्य, हा रूसोने राजकीय संदर्भात मांडलेला विचार कांटने नीतिशास्त्रात आणला. विद्वानांपुरता अभिमान सोडून सामान्य माणसाचा आदर करण्यास आपण रूसोमुळे शिकलो, असे त्याने आपल्या टिपणांत नमूद केले आहे. सामान्य माणसाला योग्य-अयोग्य कळण्यासाठी तत्त्वज्ञानाची गरज नसते, असे तो मानत असे. त्या समजुतीमागील तत्त्व स्पष्ट करणे हे तत्त्वज्ञानाचे काम होय.

निरुपाधिक आदेशाची मांडणी प्रथम ‘नीतीच्या तत्त्वमीमांसेची पायाभरणी’ (१७८५) या ग्रंथात आली. ‘व्यावहारिक बुद्धीची चिकित्सा’ (१७८८) या ग्रंथात तिचे अधिक विवेचन असून, ‘नीतीची तत्त्वमीमांसा’ (१७९७) या ग्रंथात तिच्यावरून निघणारी प्रत्यक्ष कर्तव्ये सांगितली आहेत.

सत्संकल्प आणि कर्तव्य

कांटच्या विवेचनाचा प्रारंभ सत्संकल्पापासून होतो. बुद्धी, धैर्य, चिकाटी, संपत्ती, आरोग्य या गोष्टी चांगल्या असल्या, तरी त्यांचा दुरुपयोग होऊ शकतो. शांत डोक्याचा गुन्हेगार उतावळ्या गुन्हेगारापेक्षा अधिक धोकादायक असतो. म्हणून या गोष्टींचे चांगलेपण अटींवर अवलंबून आहे. कोणत्याही अटीवाचून चांगला असा एक सत्संकल्पच होय. तो काय साध्य करतो यावरून त्याचे मूल्य ठरत नाही. परिस्थितीमुळे त्याला काहीच साधता आले नाही, तरी त्याचे मूल्य कमी होत नाही. मात्र सत्संकल्प म्हणजे नुसती सदिच्छा नव्हे. हाती असलेले सर्व उपाय योजणे त्यात गृहीत आहे.

कर्तव्याला अनुसरून केलेली कृती आणि कर्तव्य म्हणून केलेली कृती यांत कांट भेद करतो. यासाठी त्याने दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. एक दुकानदार अननुभवी गिऱ्हाइकाकडून किंवा लहान मुलाकडूनही जास्त पैसे घेत नाही. त्याचे वागणे योग्यच आहे. पण गिऱ्हाईक टिकावे एवढ्यासाठी तो तसे वागत असेल, तर त्याच्या प्रामाणिकपणामागे हिशेब आहे. जेथे फसवणूक उघडकीस येण्याचा संभव नाही, तेथे हा हिशेब त्याला प्रामाणिक ठेवू शकणार नाही. फसविणे अयोग्य आहे म्हणून जो फसवत नाही, त्याच्या कृतीलाच कांट नैतिक मूल्य देतो.

दुसरे उदाहरण परोपकाराचे आहे. काही माणसे स्वभावतःच दयाळू असतात आणि इतरांना मदत करण्यात त्यांना आनंद वाटतो. असा एखादा माणूस स्वतःच्या दुःखाने इतका ग्रासला, की त्याला इतरांच्या दुःखाची कणव वाटेनाशी झाली, आणि तरीही त्याने केवळ कर्तव्य म्हणून मदत केली, तर त्याच्या कृतीचे नैतिक मूल्य या वेळी स्पष्ट दिसते. यावरून कांटला भावनेचे वावडे होते, असा अर्थ पुष्कळांनी काढला. परंतु आनंदाने केलेली मदत वाईट असते, असे त्याचे म्हणणे नाही. भावना ओसरल्यावरही जे टिकून राहते ते काय, हे या उदाहरणातून त्याला दाखवायचे आहे.

सोपाधिक आणि निरुपाधिक आदेश

माणसाची बुद्धी त्याला ‘असे कर’ म्हणून जे सांगते, त्याला कांट आदेश म्हणतो. आदेशांचे दोन प्रकार आहेत. ‘परीक्षेत उत्तीर्ण व्हायचे असेल तर अभ्यास कर’, ‘प्रकृती चांगली राहायला हवी असेल तर वेळेवर जेव’ हे सोपाधिक आदेश होत. त्यांना ‘असेल तर’ ही उपाधी, म्हणजे अट, जोडलेली असते. ते उद्दिष्ट ज्याला नको आहे, त्याच्यावर हे आदेश बंधनकारक नसतात. कौशल्याचे आणि व्यवहारज्ञानाचे सर्व नियम या प्रकारात मोडतात.

‘खोटे वचन देऊ नकोस’ हा आदेश निराळ्या प्रकारचा आहे. ‘लोकांचा विश्वास हवा असेल तर’ अशी अट त्याला जोडली, तर विश्वासाची पर्वा नसलेल्या माणसाला खोटे वचन देण्याची मोकळीक मिळेल. नैतिक आदेशाला अशी उपाधी लागत नाही, म्हणून तो निरुपाधिक होय. कांटच्या मते निरुपाधिक आदेश मुळात एकच आहे. मात्र त्याची मांडणी निरनिराळ्या रूपांत करता येते.

आदेशाची रूपे

सार्वत्रिक नियमाचे रूप: प्रत्येक हेतुपूर्वक कृतीमागे करणाऱ्याने स्वतःसाठी स्वीकारलेला एक नियम असतो. त्याला येथे कृतिसूत्र म्हणू. ‘पैशाची अडचण आली की परत न करण्याच्या इराद्याने, परत करीन असे सांगून उसने घ्यावे’ हे एक कृतिसूत्र झाले. हे सूत्र सर्वांसाठी नियम व्हावे अशी आपण इच्छा करू शकतो का, हे पाहावयाचे असते. सर्वच जण अडचणीत असे वागू लागले, तर अशा वचनांवर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि खोटे वचन देऊन पैसे मिळविणे अशक्य होईल. सूत्र सार्वत्रिक होताच स्वतःलाच निष्फळ करते. इतरांनी वचने पाळावीत आणि आपल्यापुरता अपवाद असावा, हीच खोटे वचन देणाऱ्याची खरी इच्छा असते. स्वतःसाठी केलेला हा अपवाद हेच कांटच्या मते अनीतीचे मर्म आहे. ही कसोटी ‘सर्वांनी असे केले तर किती नुकसान होईल’ अशी परिणामांची मोजणी नाही, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते.

मानवतेचे रूप: स्वतःमधील असो वा दुसऱ्यामधील, माणुसकीला कधीही केवळ साधन म्हणून न वागविता नेहमी साध्य म्हणूनही वागवावे, असे हे रूप सांगते. त्यात ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रोजच्या व्यवहारात माणसे एकमेकांचा साधन म्हणून उपयोग करतच असतात. प्रवासी रिक्षाचालकाचा उपयोग करून घेतो आणि चालक प्रवाशाचा. दोघांनाही व्यवहार ठाऊक असतो व मान्य असतो, म्हणून यात दोष नाही. फसवणुकीत आणि जबरदस्तीत मात्र समोरच्याला संमती देण्याची संधीच उरत नाही. खोटे वचन मिळालेला माणूस दुसऱ्याच्या हेतूसाठी वापरला जातो आणि तो हेतू त्याला कळतही नाही.

याच संदर्भात कांट किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद करतो. ज्याच्या जागी समान मोलाची दुसरी वस्तू ठेवता येते त्याला किंमत असते. ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. माणसाला प्रतिष्ठा असते, कारण तो स्वतःसाठी नैतिक नियम घालून घेऊ शकतो.

स्वायत्ततेचे रूप: नैतिक नियम बाहेरून लादलेला नसतो. प्रत्येक विवेकशील व्यक्ती तो स्वतःच्या बुद्धीने घडविते आणि स्वतःच पाळते. याला कांट स्वायत्तता म्हणतो. राजाज्ञा, रूढी, धर्मगुरू किंवा स्वतःच्या वासना यांच्या हुकमाने चालणे ही परायत्तता होय. सर्व व्यक्ती एकाच वेळी नियम करणाऱ्या आणि नियम पाळणाऱ्या आहेत, अशा आदर्श समाजाला त्याने ‘साध्यांचे राज्य’ असे नाव दिले.

चार उदाहरणे

‘पायाभरणी’मध्ये कांटने आपली कसोटी चार उदाहरणांना लावून दाखविली आहे. दुःखाला कंटाळून जीवन संपविण्याचा विचार, फेडण्याचा हेतू नसताना घेतलेले कर्ज, आळसापायी वाया घालविलेली बुद्धी व गुण, आणि सुस्थितीत असूनही गरजूंना मदत नाकारणे, ही ती उदाहरणे होत. पहिले व तिसरे उदाहरण स्वतःविषयीच्या कर्तव्याचे, तर दुसरे व चौथे इतरांविषयीच्या कर्तव्याचे आहे.

पहिली दोन उदाहरणे पूर्ण कर्तव्यांची असून त्यांना अपवाद नसतो. उरलेली दोन अपूर्ण कर्तव्यांची आहेत. कोणालाच कधीही मदत न करण्याचा नियम सर्वांनी पाळला, तरी जग चालू शकेल, हे कांटला मान्य आहे. तथापि आपल्यालाही कधीतरी मदत लागणार हे जाणणारा माणूस असा नियम इच्छू शकत नाही. मदत कोणाला, केव्हा आणि किती करावी, हे ठरविण्याची मोकळीक मात्र अपूर्ण कर्तव्यांत असते. त्यामुळे कांटचे नीतिशास्त्र म्हणजे केवळ कठोर मनाईंची यादी आहे, हा समज बरोबर नाही.

‘इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण इतरांशी वागावे’ या सर्वपरिचित सुवर्णनियमाहून आपला आदेश वेगळा आहे, असे कांट सांगतो. सुवर्णनियम व्यक्तीच्या आवडीनिवडीवर अवलंबून असतो. कोणाचीही मदत नको असलेल्या माणसाला तो मदतीच्या कर्तव्यातून सोडवतो. त्याच नियमाच्या आधारे गुन्हेगार आपल्याला शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशालाच प्रश्न विचारू शकेल.

असत्य भाषणाचा वाद

कांटच्या नीतिशास्त्रावरील सर्वांत प्रसिद्ध वाद असत्य भाषणासंबंधीचा आहे. फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्टंट याने १७९७ मध्ये असा आक्षेप घेतला, की सत्य बोलण्याचे कर्तव्य निरपवाद मानले तर समाजजीवनच अशक्य होईल. खुनाच्या इराद्याने आलेल्या माणसाने, तुमच्या घरात लपलेला मित्र कोठे आहे, असे विचारले तर काय करावे? त्याच वर्षी लिहिलेल्या निबंधात कांटने उत्तर दिले, की अशा प्रसंगीही खोटे बोलणे अयोग्यच आहे. परिणाम आपल्या हाती नसतात. तुम्ही खोटे सांगितले आणि तेवढ्यात मित्र नकळत बाहेर पडून खुन्याच्या तावडीत सापडला, तर त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. शिवाय सत्य हे केवळ समोरच्या व्यक्तीचे देणे नसून, करारांना आणि हक्कांना आधार देणारे अखिल मानवतेविषयीचे कर्तव्य आहे.

हे उत्तर कांटच्या अनेक अनुयायांनाही पटलेले नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ क्रिस्टीन कोर्सगार्ड यांनी १९८६ मध्ये असे दाखविण्याचा प्रयत्न केला, की सार्वत्रिक नियमाच्या कसोटीने अशा खुन्याशी खोटे बोलणे समर्थनीय ठरू शकते, परंतु मानवतेच्या कसोटीने ते ठरत नाही. त्यांच्या मते दुष्टतेशी गाठ पडते तेव्हा आदेशाची ही दोन रूपे एकमेकांपासून दूर जातात. अन्य काही अभ्यासकांच्या मते प्रस्तुत निबंध कायदेशीर निवेदनातील सत्यतेविषयी आहे आणि त्यावरून कांटच्या संपूर्ण नीतिशास्त्राचा निवाडा करणे योग्य नाही.

खोटे न बोलणे आणि सर्व काही सांगणे यांत कांट फरक करीत असे. बोललेले सत्य असले पाहिजे, पण प्रत्येक सत्य बोलून दाखविण्याचे बंधन नाही, अशी त्याची भूमिका होती. धर्मविषयक लेखनाबद्दल १७९४ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम याच्या वतीने त्याला ताकीद देण्यात आली. तेव्हा राजाचा निष्ठावान प्रजाजन या नात्याने, धर्मावर जाहीरपणे बोलणार वा लिहिणार नाही, असे कांटने लिहून दिले. १७९७ मध्ये राजा मरण पावल्यावर तो या वचनातून मोकळा झाल्याचे मानून पुन्हा त्या विषयावर लिहू लागला. त्या राजाच्या हयातीपुरतेच बंधन राहावे म्हणून आपण ते शब्द जाणीवपूर्वक योजले होते, असे त्याने १७९८ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले.

कर्तव्य आणि आज्ञापालन

नाझी राजवटीत ज्यूंच्या हद्दपारीची यंत्रणा चालविणारा अधिकारी अडोल्फ आइकमान याच्यावर १९६१ मध्ये जेरुसलेम येथे खटला चालला. चौकशीत आणि न्यायालयात त्याने, आपण कांटच्या कर्तव्यविषयक शिकवणीप्रमाणे जगण्याचा प्रयत्न केला, असे सांगितले. न्यायाधीशांनी खुलासा विचारल्यावर त्याने निरुपाधिक आदेशाचा अर्थही ढोबळमानाने बरोबर सांगितला. मात्र ज्यूंच्या संहाराचे काम सोपविले गेल्यापासून आपण त्या तत्त्वाप्रमाणे जगत नव्हतो आणि परिस्थिती बदलण्याचे सामर्थ्य आपल्यात नव्हते, असेही तो म्हणाला. हा खटला प्रत्यक्ष पाहणाऱ्या विचारवंत हाना आरेंट यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रसंगाचे विश्लेषण केले आहे. आइकमानने कांटचे तत्त्व नुसते सोडून दिले नव्हते, तर विकृत केले होते, असे आरेंट यांचे म्हणणे आहे. स्वतःच्या व्यावहारिक बुद्धीच्या जागी त्याने फ्यूररची इच्छा बसविली होती.

कांटच्या सिद्धांतानुसार पाहता हा दावा मुळातच टिकत नाही. दुसऱ्याच्या इच्छेला स्वतःचा कायदा मानणे ही परायत्तता आहे. ‘मला वरून हुकूम होता’ हे उत्तर कृतीमागील सूत्र तपासण्याच्या जबाबदारीतून कोणालाही मुक्त करीत नाही. एखाद्या मानवसमूहाला नष्ट करण्याजोगी वस्तू समजणे मानवतेच्या रूपाशी उघडच विसंगत आहे.

तथापि हा प्रश्न येथेच संपत नाही. प्रजेला राज्यसत्तेविरुद्ध बंड करण्याचा हक्क नाही, असे कांटने आपल्या राजकीय लेखनात ठामपणे म्हटले आहे आणि त्यामुळे त्याच्यावर सत्तेपुढे नमते घेतल्याची टीका झाली आहे. दुसरीकडे, माणसांनी दिलेली आज्ञा स्वतःच नीतीच्या थेट विरुद्ध असेल तर ती पाळू नये, असे त्याने १७९३ च्या धर्मविषयक ग्रंथात स्पष्ट केले आहे. सशस्त्र उठावाला नकार आणि अनैतिक आज्ञेलाही नकार, अशी ही दुहेरी भूमिका आहे.

कायदा आणि वैद्यकातील प्रभाव

दुसऱ्या महायुद्धानंतर मानवी प्रतिष्ठेची कल्पना कायद्याच्या क्षेत्रात ठळकपणे पुढे आली. जर्मन संघीय प्रजासत्ताकाच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यातील पहिलेच कलम मानवी प्रतिष्ठा अनुल्लंघनीय असल्याचे जाहीर करते. माणसाला राज्याच्या हातची निव्वळ वस्तू बनविता येणार नाही, असा या कलमाचा अर्थ जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने लावला. त्यावर कांटच्या विचारांची छाप असल्याचे मानले जाते.

या तत्त्वाची कसोटी लागली ती हवाई सुरक्षा कायद्याच्या प्रकरणात. अपहृत विमानाचा उपयोग माणसांचे प्राण घेण्यासाठी होणार असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर ते लष्कराकरवी पाडण्याची मुभा देणारी तरतूद जर्मनीने केली होती. १५ फेब्रुवारी २००६ रोजी न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. विमानातील निरपराध प्रवासी व कर्मचारी यांना, इतरांचे प्राण वाचविण्यासाठी का होईना, ठार मारणे म्हणजे त्यांना केवळ साधन बनविणे होय, हे या निर्णयामागील एक प्रमुख कारण होते. ते प्रवासी थोड्याच वेळात मरणार होते, हा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही. विमानात केवळ हल्लेखोर असतील तर गोष्ट वेगळी, असेही निकालात म्हटले होते. जास्तीत जास्त प्राण वाचविणे हाच निकष मानणाऱ्या टीकाकारांनी या निकालावर आक्षेप घेतला. उपयुक्ततावाद आणि कर्तव्यवाद यांतील मतभेद येथे प्रत्यक्ष कायद्याच्या प्रश्नात उतरलेला दिसतो.

वैद्यकीय संशोधनातही असाच विचार रुजला. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये तयार झालेल्या न्यूरेंबर्ग संहितेने प्रयोगासाठी व्यक्तीची ऐच्छिक संमती अत्यावश्यक ठरविली. अमेरिकेतील १९७९ च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीविषयीचा आदर हे संशोधनाचे एक मूलतत्त्व मानले. उपचारापूर्वी रुग्णाला पूर्ण माहिती देऊन त्याची संमती घेण्याच्या प्रथेचे समर्थन अनेक नीतिशास्त्रज्ञ कांटच्या मानवता-रूपाच्या आधारे करतात.

आक्षेप

हेगेलच्या मते निरुपाधिक आदेश आशयशून्य आहे. मालक मरण पावला, लेखी पुरावा राहिला नाही, अशी ठेव नाकारता येईल का, असे एक उदाहरण कांटने दिले होते. सर्वांनी अशा ठेवी नाकारल्या तर ठेव ठेवण्याची पद्धतच उरणार नाही, असे त्याचे उत्तर होते. न उरली तर त्यात विसंगती कोणती, असा हेगेलचा सवाल आहे. मालमत्ता असावी हे आधी मानले, तरच विसंगती निर्माण होते. आणि ते मानण्याचे कारण ही कसोटी देत नाही.

जॉन स्टुअर्ट मिल याने असे प्रतिपादिले, की अनैतिक नियम सार्वत्रिक केल्यास तार्किक विसंगती येते हे कांट दाखवू शकत नाही. तो केवळ त्याचे परिणाम कोणालाही नको असतील एवढेच दाखवितो, म्हणजे मागच्या दाराने परिणामांचाच विचार करतो. आर्थर शोपेनहाउअर याने १८४० च्या निबंधात, आज्ञा देणारा ईश्वर वगळून आज्ञेची भाषा तेवढी ठेवल्याबद्दल कांटवर टीका केली आणि करुणा हा नीतीचा खरा पाया असल्याचे म्हटले.

कर्तव्यांमधील संघर्ष हा आणखी एक कठीण प्रश्न आहे. दिलेले वचन पाळावे की अपघातग्रस्ताला मदत करावी, अशा प्रसंगी निरपवाद कर्तव्यांची कल्पना अडचणीत येते. ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० मध्ये यावर उपाय सुचविला. त्यांच्या मते वचनपालन, कृतज्ञता, परोपकार इत्यादी कर्तव्ये प्रथमदर्शनी बंधनकारक असतात आणि त्यांच्यात विरोध आल्यास कोणते कर्तव्य वरचढ ठरते, हे प्रसंग पाहून ठरवावे लागते. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून पुढे आलेल्या काळजीच्या नीतिशास्त्राने, आई-मूल किंवा रुग्ण-शुश्रूषक अशा नात्यांतील जबाबदारी सार्वत्रिक नियमांच्या भाषेत नीट मांडता येत नाही, हे निदर्शनास आणले.

कांटच्या स्वतःच्या लेखनातील विसंगतीकडेही अलीकडच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. सर्व माणसांच्या समान प्रतिष्ठेचा पुरस्कार करणाऱ्या या विचारवंताच्या लेखनात युरोपबाहेरील वंशांना हीन लेखणारी विधाने आढळतात आणि स्त्रियांना पूर्ण नागरिकत्व नाकारलेले दिसते. ही मते त्याच्याच कसोटीने चुकीची ठरतात, असे काही अभ्यासक म्हणतात. इतरांच्या मते ‘सर्व’ या शब्दात कांट नेमके कोणाला धरत होता, हाच प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये, हे कर्तव्य त्याने प्राण्यांसाठी न मानता माणसाच्या स्वतःविषयीच्या कर्तव्याचा भाग मानले, यावरही टीका झाली आहे.

मराठी वैचारिक लेखनातील चर्चा

मराठीत कांटच्या नीतिविचाराचा ठळक परामर्श लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्य’ (१९१५) या ग्रंथात आढळतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या या ग्रंथात टिळकांनी नीतिविचाराचे आधिभौतिक, आधिदैविक व आध्यात्मिक असे तीन पक्ष मानून, मिल इत्यादींच्या सुखवादाला पहिल्या आणि कांट व टी. एच. ग्रीन यांना तिसऱ्या पक्षात स्थान दिले. कर्माची योग्यता बाह्य फळापेक्षा कर्त्याच्या शुद्ध बुद्धीवरून ठरते, या मुद्द्यावर गीता आणि कांट यांत त्यांना साम्य दिसले. फलाची आसक्ती सोडून कर्म करावे ही गीतेची शिकवण आणि कर्तव्य म्हणून कर्तव्य करावे हे कांटचे मत यांची तुलना त्यानंतर अभ्यासात नेहमी केली जाते. मात्र दोहोंतील भेदही मोठा आहे. गीतेतील स्वधर्म वर्णाशी निगडित आहे, तर कांटचा आदेश सर्वांना एकच आहे. शिवाय गीतेतील निष्काम कर्माला मोक्षविचाराची बैठक आहे. कांट नैतिक नियमाचा अधिकार तशा कोणत्याही अंतिम फळावर आधारत नाही.

सत्याला अपवाद असावा की नाही, या प्रश्नावर ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात टिळकांनी महाभारतातील कथांबरोबर पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञांच्या मतांचीही चर्चा केली आहे. या संदर्भात कर्णपर्वातील कौशिक ब्राह्मणाची कथा महत्त्वाची आहे. नेहमी सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाला लुटारूंनी, वनात शिरलेली माणसे कोठे गेली, असे विचारले. त्याने खरे सांगितले आणि ती माणसे मारली गेली. या सत्यकथनामुळे कौशिक नरकात गेला, असे श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो. कॉन्स्टंटने कांटपुढे ठेवलेला पेच आणि ही कथा यांची मांडणी जवळजवळ सारखी आहे, परंतु महाभारताचे उत्तर कांटच्या नेमके उलट आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ (१९३६) या मूळ इंग्रजी भाषणात नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम ठरावीक मार्गाने वागायला लावतो. तत्त्व विचार करण्याची रीत देते आणि निर्णयाची जबाबदारी माणसावर टाकते. जेथे केवळ नियमांचे पालन असते तेथे जबाबदारीची जाणीव उरत नाही, हा या विवेचनाचा आशय आहे. त्यावर कांटपेक्षा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचा प्रभाव आहे. तरीही स्वतः विचार न करता पाळलेल्या नियमाला नैतिक कृतीचे मोल नाही, या मुद्द्यावर ही मांडणी कांटच्या स्वायत्ततेच्या कल्पनेजवळ येते.